बुजऱ्या कुत्रीसाठी शांत घर: आंब्याची बाग, समुद्रकाठचे निवासस्थान की वृद्ध दांपत्य?

प्रश्न : शिक्षिका, गुहागर

नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे असलेल्या एका कुत्रीसाठी मी कायमचे घर शोधत आहे आणि त्याबाबत अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. कुत्री गावठी असून तिचे वय दातांवरून अंदाजे तीन वर्षे सांगितले गेले. कानाच्या टोकाला खाच असल्यामुळे तिची नसबंदी आधीच झालेली असावी, असे पशुवैद्यकांनी पहिल्याच भेटीत सांगितले. आम्ही तिला अबोली म्हणतो. ती क्वचितच भुंकते, कोणाच्या अंगावर जात नाही. मात्र हातात काठी किंवा मिटलेली छत्री असलेला पुरुष दिसला की शेपूट पोटाशी घेऊन पलंगाखाली शिरते आणि माणूस निघून गेल्यावरही बराच वेळ बाहेर येत नाही. माझ्या हातून खाते, आईच्या पायाशी झोपते, पण पाहुण्यांसमोर पाणीसुद्धा पीत नाही.

माझी बदली झाली असून दिवाळीपर्यंत मला नव्या गावी जावे लागेल. तेथील खोली भर बाजारपेठेत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आई ठाण्याला भावाकडे जाणार आहे. सध्या तीन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. पहिले ठिकाण देवगडजवळची हापूसची मोठी बाग, जिथे राखणीचे दोन कुत्रे आधीच आहेत. दुसरे आमच्याच तालुक्यातील समुद्रकाठचे घरगुती निवासस्थान, जिथे पर्यटक उतरतात. तिसरे दाभोळ खाडीपलीकडे, दापोली तालुक्यातील एका वाडीत राहणारे सत्तरीतले दांपत्य. त्यांच्याकडे एक मांजर आहे आणि गणपतीला मुंबईहून मुले-नातवंडे येतात. बागेतली मोकळी जागा पाहून माझे मन तिकडे ओढ घेते. आपण काय सुचवाल, आणि प्रत्यक्ष सोपवणी कशी करावी?

उत्तर : बुजरी कुत्री सांभाळणारी, लांजा

ताई, निवासस्थानाचा विचार प्रथम सोडून द्यावा. माणसे कितीही प्रेमळ असली तरी जिथे दर शनिवारी नवे चेहरे, नव्या गाड्या आणि हात पुढे करणारी मुले येतात, तिथे अशा कुत्रीला कोणाचीच ओळख पक्की करता येत नाही. शिवाय फाटक सतत उघडे राहते, ही त्याहून मोठी अडचण आहे.

आता तुम्ही ज्याला शांतता म्हणत आहात त्याविषयी थोडे लिहिते. आपल्याकडची बहुतेक घरे वर्षातले दहा महिने शांतच असतात, म्हणून श्रावणातल्या एखाद्या दुपारी घर पाहून निर्णय घेऊ नये. त्या घरात गणपतीत किती माणसे झोपतात, आरतीच्या वेळी टाळ-झांजा कोणत्या खोलीत वाजतात, शिमग्यात पालखी अंगणात येते का आणि तिच्याबरोबरचा ढोल-ताशा किती वेळ थांबतो, हे विचारावे. बुजऱ्या कुत्र्याला रोजचा ठरलेला क्रम हवा असतो. तीच माणसे, तीच वेळ, जेवणाची तीच जागा आणि मागे भिंत असलेला एक कोपरा, जिथे त्याला कोणी ओढून काढणार नाही. हे मिळाले तर गजबजलेल्या आळीतले कुत्रेही स्थिरावते, आणि हे नसेल तर दहा एकरांची बागही त्याला पुरत नाही.

या कसोटीवर दापोलीचे दांपत्य मला उजवे वाटते. त्यांच्याकडे माजघरामागची एखादी खोली आधीपासून अबोलीची म्हणून ठरवता आली पाहिजे. तिचे अंथरूण, पाणी आणि जेवण तिथेच असावे, म्हणजे उत्सवाच्या दिवसांत तिला तिथे कोंडल्यासारखे न वाटता ती आपल्या जागी गेल्यासारखी राहील. नातवंडांना एकच नियम सांगावा की कुत्री त्या खोलीत असताना आत जायचे नाही. घाबरलेले कुत्रे चावते ते बहुधा कोपऱ्यात अडकल्यावर, आणि त्याआधी ते तोंड फिरवून, ओठ चाटून, जांभई देऊन किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दाखवून बजावत असते. मुलांना हे दिसत नाही, मोठ्यांनाही सहसा दिसत नाही. तरीही कधी दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे, हे त्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

उत्तर : आंबा बागायतदार, देवगड

माझी स्वतःची बाग आहे आणि कुत्रीही आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. बागेविषयी आपल्या मनात जे चित्र आहे ते जूनपासून मोहर येईपर्यंतचे आहे. मोहर आल्यावर फवारण्या सुरू होतात, फळ धरल्यावर वानर-माकडे येतात, आणि त्यांना हाकलण्यासाठी आमच्याकडे गलोल, फटाके, सुतळी बॉम्ब हे सर्व चालते. मार्च ते मे काढणीची माणसे, पेट्या, टेम्पो. काठीला घाबरणाऱ्या कुत्रीला तिथे दिवसभर हातात घळ, म्हणजे आंबे उतरवायची लांब काठी, घेतलेली माणसे दिसणार. बागेला कुत्रे हवे असते ते वानरांच्या मागे धावणारे. आपली अबोली ते करणार नाही, आणि काम न करणाऱ्या कुत्र्याकडे हळूहळू कोणाचे लक्ष राहत नाही, ही कटू असली तरी खरी गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा बिबट्याचा. बागेतली कुत्री रात्री बाहेर असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला होता, आणि आमच्या पट्ट्यातही कुत्रे नाहीसे झाल्याचे ऐकले की कोणाला आश्चर्य वाटत नाही. घर कोणतेही निवडा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर कुत्री दाराच्या आत, ही अट लेखी घ्या. नुसत्या पडवीत साखळीला बांधलेले कुत्रे हे उलट अधिक असुरक्षित, कारण त्याला पळताही येत नाही.

घाबरलेले कुत्रे लपायला लाकडांच्या रचलेल्या राशीत किंवा चिऱ्यांच्या ढिगात शिरते, आणि आपल्याकडे फुरसे हा विषारी सापही तिथेच असतो. घराच्या आत लपण्याची जागा मिळाली तर ते बाहेर शोधत नाही.

उत्तर : निवृत्त पशुवैद्यक

वरील दोघांशी सहमत आहे. वैद्यकीय बाजू तेवढी पुरी करतो. सोपवण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. कोकणातल्या दमट हवेत गोचीड ताप सर्रास आढळतो. असे कुत्रे मलूल होते, खात नाही, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येते. परंतु बुजऱ्या कुत्र्याने नव्या घरी दोन दिवस अन्न सोडले तर सर्वजण ते भीतीवर ढकलतात आणि आजार मागे पडतो. आधीचा अहवाल हाती असेल तर हा घोटाळा होत नाही. रेबीजची लस दरवर्षी द्यावयाची असते, तेव्हा लसीकरणाचे कार्ड कुत्रीबरोबरच गेले पाहिजे.

आपण मांजराचा उल्लेख केला आहे, म्हणून एक महत्त्वाची सूचना. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही गोचीडनाशक औषधांत परमेथ्रिन असते. ते कुत्र्याला चालते, मांजराला मात्र विषारी ठरते, आणि दोघे अंगाला अंग लावून झोपले तरी धोका असतो. त्या घरी जाणाऱ्या कुत्रीसाठी दुसरे औषध लिहून घ्यावे.

प्रवासासाठी झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. काही औषधांनी शरीर सुस्त होते पण भीती तशीच राहते, आणि पाहणाऱ्याला कुत्रे शांत झाल्याचा भास होतो. दिवाळीच्या फटाक्यांसाठी भीती कमी करणारी वेगळी औषधे आहेत. ती तपासणीनंतर मात्रा ठरवूनच द्यायची असतात, आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी विचारून उपयोग नसतो.

शिक्षिका, गुहागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवगडच्या बागेला मी नम्रपणे नकार कळवते. दापोलीच्या आजी-आजोबांशी बोलणे झाले. मागची खोली द्यायला ते आनंदाने तयार आहेत. त्यांच्या वाडीभोवती गडगा (दगडी कुंपण) आहे, पण तो जेमतेम कमरेएवढा आहे. पुढे बेडे (आडव्या बांबूंचे फाटक) आहे आणि मागीलदारी बाव (विहीर) आहे. गणपतीच्या आधी पाठवू की नंतर, याचा निर्णय होत नाही.

उत्तर : बुजरी कुत्री सांभाळणारी, लांजा

नंतर. चाकरमानी परतल्यावर घर पुन्हा दोघांचे होईल तेव्हा पाठवावे, म्हणजे दिवाळीच्या आधी तिला काही आठवडे निवांत मिळतील. तोवरच्या काळात आजी-आजोबांनीच धोपावे-दाभोळ फेरीबोटीने तुमच्याकडे दोन-चार वेळा येऊन जावे. आल्यावर अबोलीला हाक मारू नये, तिच्याकडे टक लावून पाहू नये. बाजूला तोंड करून जमिनीवर बसावे आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्या मागच्या बाजूला टाकावा, जेणेकरून खाण्यासाठी तिला त्यांच्यापासून दूर जाता येईल. हाताजवळ बोलावून खाऊ दिल्यास भूक आणि भीती यांची ओढाताण होते. आजोबा काठी वापरत असतील तर ती आडवी ठेवून तिला स्वतःहून हुंगू द्यावी.

कमरेएवढा गडगा घाबरलेले कुत्रे सहज ओलांडते. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे अंगणातही दोरी हवी. केवळ गळपट्टा पुरत नाही, कारण मागे सरकून मान सोडवून घेण्यात बुजरी कुत्री तरबेज असतात. छाती आणि पोट दोन्ही धरणारा हार्नेस आणि गळपट्टा यांना वेगवेगळ्या दोऱ्या असाव्यात. बावीला कठडा नसेल तर जाळी बसवल्याशिवाय कुत्री नेऊच नये. फेरीबोटीवर गाडी चढताना फळ्यांचा जो धडाड आवाज होतो त्यावेळी गाडीचे दार उघडायचे नाही, काचाही वर असाव्यात. तिच्या रोजच्या गोधडीसकट, न धुता, तिला पाठवावे.

एवढे करूनही ती निसटलीच तर वाडीतल्या पोरांना शोधायला पिटाळू नये. पाठलागाने ती आणखी लांब जाईल. गोधडी आणि खाणे जिथून निसटली तिथेच ठेवावे, आजोबांनी घरातच थांबावे आणि तुम्ही किंवा तुमच्या आईने येऊन संध्याकाळच्या वेळी शांतपणे बसून राहावे.

शेवटची गोष्ट जरा अवघड आहे, तरी विचारते. दोघेही सत्तरीतले आहेत. उद्या कोणाला रुग्णालयात दाखल करावे लागले किंवा मुलांनी मुंबईला नेले, तर कुत्रीचे काय, हे आताच त्यांच्या मुलांसमोर बोलून घ्या. करारात कुत्री परत घेणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत आहे, परंतु तुमची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि आई ठाण्याला, म्हणजे तुमचे नाव लिहिणे हे कागदापुरतेच होईल.

शिक्षिका, गुहागर

हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी सुट्टीला गावी गेले की अबोलीला ठेवून घेणारे आमच्या आळीतले एक कुटुंब आहे. ती त्यांच्या घरी खाते आणि झोपते. त्यांनी होकार दिला आहे, त्यामुळे करारात त्यांचेच नाव घालते. बावीच्या जाळीचे माप आजोबा या रविवारी घेणार आहेत.