उपकोसलाला न शिकवताच गुरू प्रवासाला का गेले?

प्रश्न

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील उपकोसलाची कथा वाचल्यापासून एक शंका मनात घर करून बसली आहे. उपकोसल कामलायन सत्यकाम जाबालाकडे राहून १२ वर्षे त्याच्या अग्नींची सेवा करतो. बरोबरीच्या शिष्यांचे समावर्तन, म्हणजे शिक्षण संपवून घरी परतण्याचा संस्कार, होतो; याचे मात्र होत नाही. या मुलाने तप केले आहे, आता त्याला शिकवा, नाहीतर अग्नीच तुम्हाला दोष देतील, असे गुरुपत्नी बजावते. तरीही सत्यकाम एक अक्षर न सांगता प्रवासाला निघून जातो आणि खचलेला मुलगा अन्न सोडतो. आपण गुरूला 'माउली' म्हणतो. इथे ते आईपण कुठे शोधायचे?

प्रतिसाद १

सत्यकाम स्वतः कसा शिकला, हे त्याच अध्यायात थोडे आधी आले आहे. गौतम हारिद्रुमताने त्याचे उपनयन केले आणि कळपातल्या कृश, अशक्त अशा ४०० गाई निवडून त्याच्या हवाली केल्या. त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असे सत्यकाम निघतानाच म्हणाला. रानात बैल, अग्नी, हंस आणि मद्गू पक्षी यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद, म्हणजे चौथा भाग, सांगितला. परतलेल्या शिष्याला पाहून गुरू म्हणाले की तू ब्रह्मवेत्त्यासारखा दिसतोस, तुला कोणी शिकवले? पुढे उपकोसलाचा चेहरा पाहून सत्यकामाच्या तोंडून जवळजवळ हेच शब्द निघतात. उपनिषद कारण सांगत नाही, पण आपण ज्या वाटेने गेलो तीच वाट त्याने शिष्याला मोकळी करून दिली, असे मला वाटते.

अग्नी उपकोसलाला विद्या सांगतात, मात्र 'गती (म्हणजे पुढची वाट) आचार्य सांगतील' म्हणून शेवटचा भाग राखून ठेवतात. आचार्य परततात तेव्हा त्यांची पहिली हाक मूळ पाठात 'उपकोसल ३' अशी आहे. हा तीनचा आकडा प्लुताचा, म्हणजे शेवटचा स्वर तीन मात्रांइतका लांबवायचा. इतक्या दिवसांनी परतलेला माणूस सर्वांत आधी कोणाला आणि कोणत्या सुरात हाक मारतो, यात मला तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिसते.

प्रतिसाद २

हाक गोड असली तरी उपाशी मुलाजवळ त्या दिवशी गुरुपत्नीच होती. 'ब्रह्मचारी, जेव. का बरे जेवत नाहीस?' एवढेच ती विचारते. अशा कथा पुढे करून शिष्याला वर्षानुवर्षे राबवून घेणारे आजही भेटतात, म्हणून तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतले आचार्यांचे वाक्य मला अधिक मोलाचे वाटते: आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू उचल, इतर नकोत.

प्रतिसाद ३

आईपणच पाहायचे असेल तर ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाचा आरंभ काढावा. तिथे गुरुकृपादृष्टी ही अक्षरशः बाळंतघरातली आई आहे. ती साधकाला आधारशक्तीच्या, म्हणजे मूलाधारातल्या शक्तीच्या, मांडीवर वाढवते आणि हृदयाकाशाच्या पाळण्यात झोके देते. मन आणि पवन यांची खेळणी करते, आत्मसुखाची बाळलेणी घालते. मग 'सतरावियेचें स्तन्य देसी । अनुहताचा हल्लरू गासी । समाधिबोधें निजविसी । बुझाऊनि', ही ओवी येते. सतरावी म्हणजे योगात अमृत देणारी मानलेली चंद्राची सतरावी कला, अनुहत म्हणजे आघाताविना उमटणारा नाद, हल्लरू म्हणजे अंगाई आणि बुझाऊनि म्हणजे समजूत घालून. रडणाऱ्या मुलाला आधी समजावायचे आणि मगच निजवायचे, हा क्रम घरात लहान मूल असणाऱ्यांना सांगावा लागत नाही. योगमार्गातील इतके अवघड शब्द पाळण्याभोवती बसवताना ज्ञानदेवांच्या डोळ्यांसमोर निवृत्तिनाथ होते, आणि ते तर थोरले भाऊही होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. गुरुपत्नीबद्दलचा मुद्दा मला पटतो आणि सत्यकामावरचा माझा राग पूर्ण गेलेला नाही. पण प्लुताकडे माझे लक्षच नव्हते. माझ्या प्रतीत तो तीनचा आकडा स्पष्ट छापलेला आहे. इतके दिवस मी त्याला मंत्राचा क्रमांक समजत होतो.