मदत हवी आहे: बाबांचं संपलेलं लायसन आणि बहिणीचं लर्निंग

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडजवळचे. बाबा ६२ वर्षांचे, तीसेक वर्षं गाडी चालवतायत, आंब्याच्या सीझनला पेट्या घेऊन घाट चढायचे. मागच्या वर्षी पाय मोडला आणि त्या गडबडीत लायसन संपलंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. परवा कपाटातून काढलं तर दमटपणाने फोटो पार उडालेला, तारीख कशीबशी वाचली, संपून १४ महिने झालेत! एक वर्षाच्या आत रिन्यू केलं असतं तर टेस्ट लागली नसती, आता परत द्यावी लागणार एवढं कळलंय. पण आधी लर्निंग पण काढायचं का थेट टेस्टची अपॉइंटमेंट मिळते? चाळिशीनंतर डॉक्टरचं फॉर्म १ए (मेडिकल सर्टिफिकेट) लागतं, ते गावातल्या एमबीबीएस डॉक्टरचं चालतं ना? बाबांना पायामुळे टेस्टचं टेन्शन आलंय, बोलत नाहीत पण कळतं. तोवर गाडीला हात लावू नका म्हणून मी चावीच काढून ठेवलीय.

दुसरं, बहिणीला आत्ताच १८ पूर्ण झाली. आधारवरून घरबसल्या लर्निंगची परीक्षा देत होती तर पावसात नेट गेलं आणि मध्येच बंद पडली. परत फी भरायची का? लर्निंगनंतर ३० दिवस थांबायचं आणि ६ महिन्यांच्या आत पक्कं काढायचं हे माहितीये. सिंधुदुर्गात हल्ली कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, एजंटकडे जायचं नाहीये.