हायपर-व्ही क्लस्टर: पॅचेस आणि टीएलएस 1.0/1.1 बंद करणं एकाच रीस्टार्टमध्ये?

नोड_तीन:
विंडोज सर्व्हर 2016, तीन नोडचं (एकत्र जोडलेल्या तीन सर्व्हरचं) हायपर-व्ही क्लस्टर; हायपर-व्ही म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. प्रत्येक नोडला 256 जीबी रॅम, सगळ्या व्हीएमना मिळून 420 जीबी दिलेली. ऑडिटमध्ये दोन मुद्दे आलेत: मासिक पॅचेस राहिलेत, आणि 3389 (रिमोट डेस्कटॉप) व 443 (एचटीटीपीएस) पोर्टवर टीएलएस, म्हणजे जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलच्या 1.0, 1.1 या जुन्या आवृत्त्या चालू आहेत. रेप्लिका (व्हीएमची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणारी सोय) सर्टिफिकेटवर चालते. रिमोट डेस्कटॉपसाठी एक जुनी 2008 आर2 मशीन वापरात आहे. व्हीएम बंद न करता दोन्ही कामं एका रीस्टार्टमध्ये उरकता येतील का?

दुसरा_मंगळवार:
उरकता येतील, पण तसं करू नका. नंतर काही अडलं तर दोष पॅचचा की टीएलएसचा, ते कळणार नाही. आधी पॅच, आठवड्याने टीएलएस.

एका वेळी एकच नोड घ्या. फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमध्ये पॉज, मग ड्रेन रोल्स (त्या नोडवरच्या व्हीएम दुसरीकडे हलवणं). उरलेल्या दोन नोडवर 420 जीबी बसते, पण होस्टसाठी सोडून फार मोकळी जागा राहत नाही; डायनॅमिक मेमरी (गरजेनुसार कमी-जास्त होणारी रॅम) असेल तर मॅक्झिममचा आकडाही बघा. ड्रेन अडकला तर आधी व्हीएमला लोकल डिस्कवरची आयएसओ (डिस्क इमेज फाइल) जोडलेली राहिलीय का ते तपासा. 2016 वर सर्व्हिसिंग स्टॅक अपडेट (अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचं अपडेट) आधी, क्युम्युलेटिव्ह (एकत्रित मासिक) अपडेट नंतर. रीस्टार्ट झाल्यावर रिझ्यूम करा, क्लस्टर डिस्क ऑनलाइन दिसल्या की मगच पुढचा नोड.

एसचॅनेल:
टीएलएसला हात लावण्याआधी रजिस्ट्रीत एसचॅनेलखाली (विंडोजमधला टीएलएस सांभाळणारा भाग) 'इव्हेंटलॉगिंग' 7 करा. सिस्टम लॉगमधल्या 36880 इव्हेंटमध्ये प्रत्येक जोडणीची टीएलएस आवृत्ती दिसते. आठवडाभर बघा, जुन्या आवृत्तीवर कोण येतंय ते समजेल.

मग प्रोटोकॉल्सखाली 'टीएलएस 1.0' आणि 'टीएलएस 1.1', प्रत्येकात सर्व्हर आणि क्लायंट अशा की बनवा. 'एनेबल्ड' 0, 'डिसेबल्डबायडिफॉल्ट' 1, दोन्ही डीवर्ड. नावातली स्पेस द्यायची राहिली तर विंडोज ती की मुकाट्याने सोडून देतं. नुसतं 'डिसेबल्डबायडिफॉल्ट' लावलं तर जे सॉफ्टवेअर स्वतःहून 1.0 मागतं त्याला ते मिळतच राहतं. बदल रीस्टार्टनंतरच लागू होतो.

तुमची 2008 आर2 इथेच अडेल. तिच्या रिमोट डेस्कटॉपला टीएलएस 1.2 साठी केबी3080079 हा अपडेट लागतो. खरं तर ती मशीनच बदलायला हवी. रेप्लिका सर्टिफिकेटवर आहे, म्हणजे 443 वरून टीएलएसनेच जाते, त्यामुळे पलीकडच्या सर्व्हरवर 1.2 चालू असल्याची खात्री आधी करा. जुनी डॉट नेट सॉफ्टवेअर होस्टवर असतील तर 'एसचयूजस्ट्राँगक्रिप्टो' (डॉट नेटला नवी टीएलएस वापरायला लावणारी रजिस्ट्री नोंद) 1 करा, 64 बिट आणि वॉव6432नोड दोन्हीकडे. शेवटी एनमॅप या पोर्ट तपासायच्या साधनाच्या एसएसएल-एनम-सायफर्स स्क्रिप्टने 3389 आणि 443 बाहेरून तपासा.

नोड_तीन:
पॅचसोबत प्रोसेसरचं फर्मवेअरही अपडेट करतोय. त्यासाठी व्हीएमना काही करावं लागेल?

दुसरा_मंगळवार:
हो. गेस्टच्या (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या) आतून रीस्टार्ट केल्याने नवी प्रोसेसर फीचर्स त्याला दिसत नाहीत. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते, तेही तिन्ही नोडचं फर्मवेअर झाल्यावर. तेवढ्यापुरता डाउनटाइम मागून घ्या.