गेम आणि गिफ्ट कार्डांचे कोड विकतो, चार्जबॅकला तोंड कसं द्यायचं?

कोडवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी. माझ्या छोट्या साइटवरून गेमचे आणि गिफ्ट कार्डांचे कोड विकतो. पैसे आले की कोड आपोआप मेलवर जातो. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईकाने कोड घेतला आणि नंतर बँकेत 'माल मिळालाच नाही' अशी तक्रार ठोकून पैसे परत मागितले, म्हणजे चार्जबॅक. गेटवेने, म्हणजे साइटवर पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीने, रक्कम अडवलीय, पुरावा मागतायत. मेल गेल्याचा स्क्रीनशॉट दिला तर पुरेसा नाही म्हणे. आता कुरिअरची पावती कुठून आणू? की कार्ड बंद करून नुसतं यूपीआय ठेवू? त्यात चार्जबॅक नसतो असं ऐकलंय.

हिशेबनीस:
मेल गेला म्हणजे तुम्ही पाठवला, एवढंच सिद्ध होतं. पुरवठादाराकडून कोड कधी रिडीम झाला, म्हणजे वापरला गेला, हे लेखी मागवा. ते मिळालं तर सोन्याहून पिवळं.

पुढच्यासाठी: कोड मेलमध्ये टाकूच नका. लिंक द्या, लॉगिन करून 'कोड दाखवा' दाबल्यावरच तो उघडू दे, आणि त्याची वेळ, आयपी, मोबाइल नंबर नोंदवून ठेवा. उत्तर एका पानात लिहा: 7:42 ला पैसे, 7:44 ला कोड पाहिला, 7:51 ला रिडीम. वाचणारा बँकेतला माणूस आहे, त्याला स्टीम की (स्टीम या गेमच्या दुकानाचा कोड) म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही. गेटवेने दिलेली तारीख मात्र चुकवू नका, ती गेली की पुरावा कितीही पक्का असो, उपयोग शून्य.

ओटीपी घेतलेला असेल तर 'व्यवहार मी केलाच नाही' ही तक्रार सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. 'माल मिळाला नाही'ला ते कवच नाही. परदेशी कार्डं बिनओटीपीही चालतात, ती मी सरळ बंद ठेवलीत. व्हिसाच्या बऱ्याच तक्रारींना 120 दिवसांपर्यंत मुदत असते, तेव्हा नोंदी लवकर पुसू नका.

सदाशिव_पेठी:
गिफ्ट कार्ड विकून मिळतं किती, दोन-तीन टक्के? त्यासाठी एवढा खटाटोप!

रात्रपाळी:
यूपीआयलाही बँकेमार्फत तक्रार होतेच. पण खरी डोकेदुखी वेगळी. भामटा कुणालातरी फसवून त्याच्याकडून थेट तुमच्या क्यूआरवर पैसे भरून घेतो आणि कोड स्वतः नेतो. फसलेला माणूस 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो. मग पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या बँकेपर्यंत येतात आणि खात्यावर लियन लागतो, म्हणजे तेवढी रक्कम बँक अडवून ठेवते, कधी अख्खं खातंच गोठतं. तक्रार कुठल्यातरी परराज्यातली, तुम्ही नाशकात.

असं झालंच तर बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा ईमेल घ्या. बिल, चॅट, लॉग पाठवा आणि फक्त वादातली रक्कम अडवून बाकी खातं मोकळं करा असं लेखी मागा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये याच धर्तीवर आदेश दिलाय, त्याचा हवाला द्या. आणि धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा, नाहीतर घराचा हप्ताही अडकतो.

कोडवाला_नाशिक:
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. पुरवठादाराला आजच मेल टाकतो. पण पैसे भरणाऱ्याचं नाव आणि ऑर्डरवरचं नाव वेगळं निघालं तर काय करायचं? भावाच्या फोनवरून भरणारे खूप असतात हो.

रात्रपाळी:
कोड थांबवायचा. ऑर्डरवाल्याचं नाही, ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याचं उत्तर घ्यायचं. जमत नसेल तर रक्कम परत, आणि तीही आली त्याच खात्यात. 'या दुसऱ्या नंबरवर पाठवा' म्हणाला की तिथेच ब्लॉक.