जुनी घोडा-कचरागाडी: झिजलेली कड वाचवायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
गेले आठ महिने घोड्याने ओढायची एक जुनी कचरागाडी दुरुस्त करतोय. चार लाकडी चाकं, त्यांवर लोखंडी धावा (चाकाभोवतीच्या पट्ट्या), आतून जस्ताचा पत्रा मारलेलं लाकडी खोकं आणि वर दोन्ही बाजूंना बिजागरीची तीन-तीन झाकणं.

झाकणं वासासाठी असतील असं वाटलं होतं. वाचत गेलो तेव्हा कळलं, खरा त्रास उडणाऱ्या राखेचा होता. लंडनमध्ये घरचा कचरा म्हणजे मुख्यतः शेगडीतल्या कोळशाची राख, म्हणून तो नेणारा ‘डस्टमन’. घंटा वाजवत यायचा. राख चाळून बारीक भाग विटांच्या मातीत मिसळत आणि अर्धवट जळालेले कोळसे विटा भाजायला वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर ठेकेदार ही राख मिळावी म्हणून उलट पैसे मोजत! पुढे पॅरिसमध्ये १८८४ साली प्रीफेक्ट (सरकारी प्रशासक) यूजेन पूबेल यांनी घरमालकांना झाकणाचे डबे सक्तीचे केले. कुजणारं वेगळं, कागद-चिंध्या वेगळ्या, काच-खापरं-शिंपले वेगळे. फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला आजही ‘पूबेल’च म्हणतात.

हे सांगायचं कारण माझ्या गाडीची डावी कड. छातीच्या उंचीवर, मधल्या झाकणाखाली लाकूड बोटभर खोल झिजलंय, हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत लागतं. उजवी कड मात्र जवळजवळ कोरी. माणसं भरलेला डबा इथेच टेकवून आत ओतत असणार. या गाडीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच जागा, आणि नेमकी तीच फळी खालून कुजलीय. ओली राख पत्र्यामागे साचून राहिली होती.

सुतार म्हणतो, अख्खी फळी बदला. माझं मन होत नाही. खालून कुजका भाग कोरून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवला तर वरची कड तग धरेल का?

दुसरं, मागच्या एका चाकाची धाव सैल आहे, ढकलताना खडखडते. चाक पाण्यात भिजवून ठेवू का?

तिसरं, जुन्या रंगाचे चार-पाच थर आहेत. खालच्या थरात अक्षरं दिसतात. पॉलिश पेपर मारावा का?

प्रतिसाद:
रंगाला कोरडा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, धूळ फुप्फुसात जाते. आधी तपासणी करून घ्या, मग ओलं करून हळूहळू खरवडा आणि अक्षरांपाशी थांबा.

चाक भिजवलं की लाकूड फुगतं, धाव घट्ट वाटते. पण वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते. आधी आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या गाभ्यात) हलतात का ते पाहा. हलत नसतील तर चाकाचा आणि धावेचा घेर मोजा, लोहाराकडून धाव थोडी कापून पुन्हा जोडून घ्या, तापवून चढवा आणि लगेच पाणी ओता.

फळी बदलू नका. कुजका भाग घट्ट लाकूड लागेपर्यंत काढा, तुकडा तिरक्या सांध्याने बसवा, लाकडाच्या रेषा जुन्या फळीच्या रेषांशी जुळवून. पत्रा परत लावताना मागे हवा खेळेल एवढी फट ठेवा आणि तळाला पाणी निथळायला भोकं पाडा. झिजलेल्या जागेवर फक्त जवसाचं तेल, वॉर्निश नको.