स्वतःच्या कॉमिकचे हक्क विकावेत का?

शाईपेन:
इथं कोल्हापुरातल्या एका तरुण चित्रकाराला बाहेरच्या प्रकाशकाकडनं करार आलाय. ४८ पानांची चित्रकथा, पानामागं ठरलेला दर. त्याबदल्यात पात्रं, मूळ पानं, पुढचे सगळे भाग कायमचे प्रकाशकाचे. ही पात्रं पोरानं कॉलेजपासून वहीत वाढवलीत. माझं मत स्पष्ट आहे, सही करू नये. सुपरमॅन रचणाऱ्या सिगेल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले आणि पुढं कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. १९९२ मध्ये मार्व्हल या अमेरिकी कॉमिक कंपनीची कामं करणाऱ्या सात चित्रकारांनी बाहेर पडून इमेज कॉमिक्स ही स्वतःची कंपनी काढली, ती आपलं काम आपल्याच मालकीचं राहावं म्हणून.

उद्यमनगरकर:
ते सातजण आधीच गाजलेले होते. ह्याला गंगावेशीपलीकडं कोण ओळखतंय? पेन्सिल, शाई, रंग, फुग्यांतली अक्षरं, सगळं एकट्यानं करायचं तर पानाला दोन दिवस जातात. म्हणजे तीन महिने दुसरं काम नाही. घरभाडं कोण भरणार? आज तो शाळेच्या भिंती आणि गणपतीचे देखावे रंगवून घर चालवतोय. सही कर म्हणावं. पात्रं दुसरी सुचतील.

छापखाना:
उद्यमनगरकरांशी सहमत. स्वतः छापायचं म्हटलं तर ४८ पानं म्हणजे १६ पानी तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) आणि वर कव्हर. ऑफसेटला शंभर प्रती काढा नाहीतर हजार, प्लेटचा खर्च तेवढाच. शंभर काढल्या तर प्रत महाग पडते, हजार काढल्या तर गठ्ठे कॉटखाली. टाइम्ससारख्या समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद झाली. एकट्या माणसानं काय करावं?

शाईपेन:
छापायचा धोका प्रकाशकानं घ्यावा, त्याचा नफाही घ्यावा. पण या एका पुस्तकापुरता! आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ वाचा. हक्क लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जातात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. कायद्यानं चित्रकाराला एवढी जागा ठेवलीय, ती सही करून का घालवायची?

आणि लांबचं कशाला? १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतनं बाहेर पडले आणि ह्याच गावात प्रभात फिल्म कंपनी काढली. पैसा सीतारामपंत कुलकर्णींचा, पण ते भागीदार होते. बाकीचे चौघं त्यांचे नोकर झाले नाहीत.

उद्यमनगरकर:
बाहेर पडायच्या आधी कितीतरी वर्षं ते त्याच कंपनीत राबले होते, ते सोडून कसं चालेल? तिथंच हात तयार झाला, नाव झालं. ह्याचंही पहिलं पुस्तक तसंच समजा. नावच नसलेल्या पोराला भागीदार म्हणून कोण घेणार?

रंकाळावेस:
भांडण पुढच्या भागांवरनं चाललंय. त्यानं प्रकाशकाला तेवढी अट काढायला सांगितली का? नसेल तर आधी तेवढं विचारू दे. आणि पानाचा दर कमी झाला तरी मूळ चित्रं परत मागून घे म्हणावं. शाहू स्मारकला प्रदर्शन लावायचं झालं तर भिंतीवर लावायला तीच लागतील.

शाईपेन:
अजून विचारलेलं नाही. आज संध्याकाळी त्याच्याकडं जातोय, करार समोर ठेवून पत्र लिहायला बसतो.