लव्ह-बी यीस्टमध्ये चालतंय, पण हवा तो पदार्थ मिळेना! मदत हवी आहे (तातडीचे)

पेट्रीडिश: अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीचं लव्ह-बी (लोव्हास्टॅटिनचा सांगाडा बांधणारं एन्झाइम) यीस्टमध्ये घातलंय. जेलवर त्याच्या आकाराला, ३३५ केडीएच्या (किलोडाल्टन) आसपास, झकास पट्टा येतो, पण एलसीएमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमान मोजणारं यंत्र) त्याने बनवायच्या डायहायड्रोमोनॅकोलिन-एलचा (रेणुभार ३०६) मागमूस नाही. भलतेच पीक येतात, यूव्ही जोरात शोषणारे. सोमवारी गाईडला दाखवायचंय. लवकर सांगा.

बुरशीप्रेमी: स्ट्रेन? प्रमोटर? मीडियम? आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत?

काठावरचा: यीस्टचा नाद सोडा, ई. कोलाय घ्या. मी ६-मिथिलसॅलिसिलिक आम्लाचं सिंथेस त्यातच चालवलं होतं.

बुरशीप्रेमी: ते केवढं आणि हे केवढं! एवढं अवाढव्य प्रथिन ई. कोलायमध्ये धड घडी होईल का?

काठावरचा: बरं, मग एनपीजीए टाकलंय का, एसीपीला (वाढती साखळी धरणारा एन्झाइमचा भाग) फॉस्फोपँटेथीनचा हात जोडणारं एन्झाइम? फॉस्फोपँटेथीन न बसलेला एसीपी कुचकामी असतो. तेच असणार, विषय संपला.

रसायनभट: नाही संपला. एसीपी कुचकामी असता तर त्यावर साखळीच चढली नसती. यांचे ते भलते पीक कशाचे आहेत ते आधी कळू दे. रिकाम्या प्लाझमिडच्या यीस्टमध्येही येतात का?

पेट्रीडिश: नाही, त्यात येत नाहीत. पायरोन (ऑक्सिजन असलेल्या कड्यांचे रेणू) वाटतात. स्ट्रेन बीजे५४६४, एनपीजीए जीनोममध्येच आहे, सगळे तोच वापरतात म्हणून लिहिलं नव्हतं. प्रमोटर एडीएच२, मीडियम वायपीडी.

रसायनभट: आणि लव्ह-सी?

पेट्रीडिश: ते कशाला? लव्ह-बीच्या सिक्वेन्समध्ये ईआर डोमेन (दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडणारा भाग) दिसतोय की.

रसायनभट: दिसतो, पण निकामी आहे. एरिथ्रोमायसिनवाल्या जिवाणूसारखं इथे दर फेरीला वेगळं मॉड्यूल नसतं. डोमेनचा एकच संच ८ वेळा फिरतो, दर वेळी मॅलोनिल-कोएमधून २ कार्बन जोडतो, आणि कुठल्या फेरीत कितपत क्षपण (हायड्रोजन जोडणं) करायचं हेही तिथेच ठरतं. मिथिल फक्त टेट्राकीटाइडवर (चार एककांची साखळी), एकदाच. टेट्रा, पेंटा आणि हेप्टाकीटाइडला (चार, पाच आणि सात एककं) दुहेरी बंध क्षपित करायला मात्र बाहेरून लव्ह-सी यावं लागतं. ते नसलं की बंध तसेच राहतात, साखळी भरकटते आणि शेवटी स्वतःवरच वळून पायरोन होऊन सुटते. तुमचा यूव्ही त्या राहिलेल्या बंधांचा आहे.

नानाकाका: लोव्हास्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी ना? त्यापेक्षा लाल यीस्टचा तांदूळ बरा म्हणतात, नैसर्गिक असतो.

बुरशीप्रेमी: काका, त्यातलं मोनॅकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिनच. वर तो तांदूळ आंबवणारी मोनॅस्कस बुरशी कधीकधी सिट्रिनिनही बनवते, ते मूत्रपिंडाला घातक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काठावरचा: सिट्रिनिनही पॉलिकीटाइडच (अशाच साखळीतून बनलेलं), बरं का. स्टॅटिनची सुरुवातसुद्धा पेनिसिलियम सिट्रिनमपासूनच, अकिरा एंडो यांनी शोधलेलं कॉम्पॅक्टिन...

पेट्रीडिश: अहो, माझं काय? लव्ह-जीसुद्धा घालू का?

रसायनभट: घाला. तयार साखळी लव्ह-बीवरून तेच सोडवतं, नाहीतर माल नावापुरताच मिळेल. पण आधी लव्ह-सी घालून ३०६ दिसतो का बघा.

पेट्रीडिश: लव्ह-बी यूरा३ (प्लाझमिड टिकवून धरणारं निवडीचं जनुक) वर आहे. लव्ह-सीचं प्लाझमिडही यूरा३ चं मिळालंय. चालेल?

बुरशीप्रेमी: नाही. दोन्ही टिकतील याची खात्री राहणार नाही. बीजे५४६४ मध्ये ट्रिप१ मोकळा आहे, लव्ह-सी त्यावर हलवा. सोमवार विसरा.